तरुण संघाचा ग्रुप हाती घेताना

तरुण संघाचं काम तू घेतलंस, फार बरं वाटलं. आपली निम्मी मुलं आता गावात नसतात. कुणी पुण्याला होस्टेलवर, कुणी चाकणला कंपनीत. जी इथे आहेत त्यांचा रविवार क्लासच्या टेस्टमध्ये जातो. नीटची परीक्षासुद्धा रविवारीच येते. तेव्हा फोनशिवाय तुझं चालायचं नाही.

आधी ग्रुप नीट लाव. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असा एक ग्रुप सूचनांसाठी ठेव: उपासनेची वेळ, नाताळच्या गाण्यांचा सराव, शिबिराची फी. गप्पांचा ग्रुप वेगळा असू दे. रोज सकाळी फुलांवर वचन छापलेली चित्रं टाकू नकोस. मुलं ग्रुप म्यूट करून टाकतात आणि मग शिबिराची तारीखही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वचन आठवड्यातून एकदाच दे, पण स्वतःच्या आवाजात, मिनिटभराचं. मराठी बायबल यूव्हर्जन अ‍ॅपवर फुकट वाचता येतं, तुझा आवाज तिथे मिळत नाही.

खरी सेवा एकेकाला केलेल्या संदेशात आहे. 'रविवारी का आला नाहीस?' असं कधीच विचारू नकोस. जाब विचारल्यासारखं होतं आणि पोरगं आणखी लांब जातं. त्यापेक्षा असं लिही: 'आज केमिस्ट्रीचा पेपर ना? सकाळी तुझ्यासाठी प्रार्थना केली. कसा गेला ते सावकाश कळव.' त्यासाठी बारावीचं वेळापत्रक तुझ्या भिंतीवर हवं. आणि प्रार्थना केली असं लिहिशील, तर ती आधी केलेली असू दे. मुलांना बरोबर कळतं. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर मागे लागू नकोस. दोन दिवसांनी मेसचं जेवण कसं आहे एवढंच विचार. बोलायचं असेल तर तिथून बोलेल.

पण 18 वर्षांखालच्या मुलामुलींशी एकट्यानं चॅट करायचं नाही, यात सूट नाही. आईवडिलांची परवानगी घे आणि संदेशात त्यांना किंवा संघाच्या ताईंना जोडून घे. रात्री नऊनंतर काही पाठवू नकोस. संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू ठेवू नकोस. कुणा लेकराचं लैंगिक शोषण झाल्याचं कानावर आलं, तर मंडळीची अब्रू म्हणून झाकून ठेवायचं नाही. 2012च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. पाळकसाहेबांना जरूर सांग, पण त्यांच्या होकारासाठी थांबू नकोस. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक त्यांनाही पाठ करून दे.

प्रार्थना-विनंत्यांचंही जपून कर. 'अमक्याच्या वडिलांचं पिणं सुटावं म्हणून प्रार्थना करा' असं कुणी मायेनंच ग्रुपवर टाकतं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर होतं. तो मुलगा पुन्हा देवळाची पायरी चढत नाही. विनंती तुझ्यापाशीच ठेव; ग्रुपवर जायची असेल तर ज्याची आहे त्याला विचारून, नाव न घेता. मुलींच्या बाबतीत आणखी एक लक्षात घे. पुष्कळ घरांत फोन वडिलांचा किंवा भावाचा असतो. तू लिहिशील ते घरातले सगळे वाचतात असं धरूनच लिही. शिबिराचे फोटोही घरच्यांना विचारल्याशिवाय स्टेटसवर लावू नकोस.

पौलाला थेस्सलनीकाला जाता येईना, तेव्हा त्यानं तिथल्या मंडळीला पत्र लिहिलं. पण त्याआधी, स्वतः अथेनैत एकटा राहून, त्यानं तीमथ्याला तिकडे धाडलं होतं. पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडून बघ. तूही तेच कर. पुण्याला कामानिमित्त जाशील तेव्हा होस्टेलच्या गेटवर उभा राहून फोन कर, मुलांना खाली बोलाव, चहा पाज. स्वतःला जमलं नाही तर तिथे नोकरीला असलेल्या आपल्या एखाद्या मोठ्या मुलाला पाठव. असं एकदा भेटलास की पुढे तुझ्या दोन ओळींनाही उत्तर येतं.

या रविवारी उपासना झाली की हजेरीची वही घेऊन बस. महिनाभर न दिसलेल्यांची नावं काढ आणि त्यांतल्या पहिल्याला संध्याकाळीच फोन कर. ग्रुपवर लिहून ठेवून भागवू नकोस.