यजमान शहरे : नांदेड आणि लातूर

नांदेडला आलेला पाहुणा आधी सचखंड हुजूर साहिबला माथा टेकतो, लातूरला आलेला गंजगोलाईत आपला रस्ता शोधत फिरतो. दोन्ही आवर्जून करा. पण या शहरांची नाडी हाती लागते ती किरायाच्या घरांत. लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगरात नीटच्या पोरांमुळे खोल्या हातोहात जातात. त्यांच्याच शेजारी बदलीवर आलेले मास्तर, बँकवाले राहतात आणि कर्ज काढून कधीतरी शहराच्या कडेला स्वतःचे घर करतात.

मग सुरू होते खरी कसरत. करार असतो अकरा महिन्यांचा, वास्तुशांतीचा मुहूर्त भटजींच्या हातात आणि ताबा बिल्डरच्या. तिन्ही तारखा जुळणे कठीणच. त्यात पितृपक्ष आला की सामान बांधून बसायचे. कायदा मात्र मुहूर्त पाहत नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहिलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २४ मालकाला दुप्पट दराने भरपाई मागू देते. त्यामुळे ताब्याची तारीख पुढे गेली की मालकाशी तोंडी नव्हे, लेखी मुदतवाढ करा. हा कायदा आमच्याकडे ३१ मार्च २००० ला आला. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले, तरी त्याचा १९५४ चा घरभाड्याचा कायदा तोवर मराठवाड्यात नांदत होता!

शेवटच्या दिवशी मालक हात मागे बांधून भिंती पाहत फिरतात. खिळ्यांची भोके आदल्या रात्री टूथपेस्टने बुजवलेली असतात. मालकांना ते कळते, आणि कळते हे किरायेदारालाही कळते. "काकू, रंगाचे कापा, पण मीटरचं रीडिंग माझ्यासमोर घ्या," एवढे म्हणायला लाजू नये. डिपॉझिट हातात पडल्यावरच चावी द्यावी, असे माझे मत. नात्यातला मालक असला तरी.

लातूरकर आणखी एक गोष्ट पाहतो: नव्या घराच्या बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकते का. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली, ती इथे कुणी विसरलेले नाही. नांदेडकराला गोदावरी आणि विष्णुपुरीचा आधार. त्याची चिंता पावसाळ्यात नदी किती वर चढते याची.

सामान छोट्या हत्तीत चढते, नव्या घरी दूध उतू घालतात, आधार आणि मतदार यादीतला पत्ता बदलायचा मात्र वर्षभर राहून जातो. जाणारा किरायेदार बहुधा गावाकडच्या भाच्या-पुतण्याला त्याच खोलीत बसवूनच निघतो. म्हणून चांगल्या गल्लीत 'रूम किरायाने देणे आहे' ही पाटी क्वचितच दिसते. तुमच्यापैकी कुणाचे लेकरू यंदा दहावीला असेल, तर आतापासूनच चौकशी करून ठेवा.