आधी इतिहास बघ

पोरी, मराठी विकिपीडियावर तुला प्रचालक केलं म्हणालीस, तेव्हा आजीनं पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?" पगार नाही, वर शिव्या. पण मी तिथं बरीच वर्षं बोटं झिजवलीत, म्हणून कानावर घालून ठेवतो.

पान बिघडवणारे दोन जातीचे असतात. एक येतो, अर्धा लेख पुसतो, गल्लीतल्या दोस्ताला 'कोल्हापूरचा किंग' करून जातो. त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. 'इतिहास' उघडायचा, बदल उलटवायचा, गप बसायचं. तालमीत एखादं पोरगं उगाच दंड थोपटत फिरतं, वस्ताद तिकडं बघतसुद्धा नाहीत, अन् कुणी बघत नाही म्हटल्यावर ते आपसूक खाली बसतं. चर्चापानावर तू दहा ओळींचं व्याख्यान झोडलंस की त्याची संध्याकाळ साजरी झाली. फारच झालं तर एक ताकीद, मग काही तासांचा प्रतिबंध. रोज नव्या अंकपत्त्यावरून (आयपीवरून) येत असेल तर माणसामागं पळू नको. पानच चार दिवस सुरक्षित करून टाक.

दुसरी जात अवघड, आणि तिथं मी एकदा तोंडावर पडलोय. शाहू महाराजांच्या लेखात एक जण २६ जून १८७४ ही जन्मतारीख खोडून २६ जुलै करायचा. मी उलटवायचो, तो परत करायचा. महाराजांच्या जयंतीचा सामाजिक न्याय दिन २६ जूनला असतो हे शाळेतलं पोरही सांगेल, म्हणून मी चिडून लिहिलं, "महाराजांच्या गावात येऊन महाराजांची तारीख शिकवू नका." तो गेला. पुढं जुनी पुस्तकं चाळताना बघतो तर काय, एका जुन्या चरित्रातसुद्धा २६ जुलैच! बरीच वर्षं तीच तारीख धरली जायची, जून नंतर ठरला. म्हणजे गडी खोडसाळ नव्हता, त्याच्या हातात जुनं पुस्तक होतं. संदर्भ द्यायला तो चुकला, आणि विचारायला मी. 'पूर्वी २६ जुलै मानली जाई' एवढी एक ओळ संदर्भासकट घातली असती तर भांडणच मिटलं असतं.

तेव्हापासून माझा नेम आहे. दुसऱ्यांदा उलटवायच्या आधी त्या माणसाचे जुने बदल बघायचे. कुठं नदीचं नाव दुरुस्त केलंय, कुठं शुद्धलेखन सुधारलंय असं दिसलं तर तो आपला माणूस. त्याला "कुठल्या पुस्तकात वाचलंत?" एवढंच विचार. अहो-जाहो सोडू नको. समोर बारावीतलं पोरगं असेल नाहीतर माझ्यासारखा पेन्शनर. तुझं तरी कुठं कुणाला कळतंय? कोल्हापुरी पोरींसारखं तूही "मी बघतो, मी करतो" लिहितेस, म्हणून विकिपीडियाच्या चावडीवर सगळे तुला दादा म्हणतात.

एका बाबतीत मात्र धीर धरायचा नाही. जातीवरनं, धर्मावरनं आग लावणारी ओळ, कुणाचा फोन नंबर, धमकी दिसली की आधी काढ, आवृत्ती लपव, चर्चा मागनं. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरनं आपल्या कोल्हापुरात दगडफेक झाली, नेट बंद पडलं, ते तू डोळ्यांनी बघितलंयस.

आणि ज्या भांडणात तू स्वतः आहेस, तिथं प्रतिबंधाचं बटण दाबायचं नाही. खरं तुझंच असलं तरी नाही. चावडीवर दुसऱ्या प्रचालकाला हाक मार, मोबाइल घरात ठेव आणि रंकाळ्याला एक चक्कर मारून ये. कुस्ती खेळणाऱ्यानंच पंच व्हायचं, हे खासबागेच्या आखाड्यात चालतं काय?

त्या २६ जुलैवाल्याच्या चर्चापानावर तीन वर्षांनी मी माफी लिहिली. उत्तर आलं नाही. खातं अजून आहे, अधनंमधनं उघडून बघतो.