बालेवाडीचा धावमार्ग

पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले. तेथे २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा, तर २०१३ साली आशियाई मैदानी स्पर्धा झाल्या.

धावमार्गाची एक फेरी ४०० मीटरची असते. पण हे माप सर्वांत आतल्या पट्ट्याचे. बाहेरचे पट्टे वळणांवर लांब पडतात. म्हणून ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या पट्ट्यातील धावपटूला सुमारे ७ मीटर पुढे उभे करतात. पाहणाऱ्यास तो पुढे वाटतो. प्रत्यक्षात अंतर सर्वांना सारखेच पडते.

जालना जिल्ह्यातील आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या शिष्यवृत्तीला कोणी ‘सवलत’ म्हणाले, की मी त्यांना हे ७ मीटर समजावून सांगते.