अहवालाची प्रतीक्षा आणि श्रद्धावंताचे अंतःकरण

गाठीचा तुकडा तपासणीसाठी दिला जातो आणि त्या दिवसापासून घराचे वातावरण बदलून जाते. फोन वाजला की सर्वांच्या छातीत धस्स होते. अन्नावरची वासना उडते, रात्री लांबत जातात. कर्करोग आहे असे कोणी सांगितलेले नसते आणि नाही असेही सांगितलेले नसते. अशा वेळी अनेक श्रद्धावंतांच्या मनाला आजाराच्या भीतीइतकाच आणखी एक प्रश्न बोचत राहतो : अल्लाहवर माझा खरा भरवसा असता, तर मला एवढी भीती वाटली असती काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दिव्य कुरआनच्या सूरह अल्-कससमधील हजरत मूसा (अ.) यांच्या मातेचा प्रसंग आठवावा. फिरऔन बनीइस्राईलच्या मुलांची हत्या करीत होता. अल्लाहने त्या मातेला तान्ह्या बाळाला नदीत सोडण्याची प्रेरणा दिली. भिऊ नये, दुःख करू नये, बाळ परत मिळेल, असे वचनही दिले. तरीही तिचे अंतःकरण रिते झाले. अल्लाहने तिचे मन दृढ केले नसते तर ती सारे रहस्य उघड करून बसली असती, असे कुरआन सांगतो. विचार करा, प्रत्यक्ष अल्लाहचे वचन लाभूनही आईचे हृदय थरथरले आणि कुरआनने त्यासाठी तिला दोष दिलेला नाही. यावरून स्पष्ट होते की, मनाची घालमेल म्हणजे ईमानचा अभाव नव्हे.

त्या मातेने पुढे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. तिने आपल्या मुलीला बाळाच्या मागावर पाठविले. परिणाम तिच्या हाती नव्हता, पण जे हाती होते ते तिने सोडले नाही. तवक्कुलचा अर्थ हाच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविलेल्या एका दुआत ‘हम्म’ आणि ‘हुज्न’ या दोहोंपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. विद्वानांच्या मते हुज्न म्हणजे घडून गेलेल्याचे दुःख आणि हम्म म्हणजे पुढे येऊ घातलेल्याची चिंता. अहवालाची वाट पाहणाऱ्याची व्यथा ही हम्म होय. ती लपविण्याची गोष्ट नसून अल्लाहपुढे मांडण्याची गोष्ट आहे. एखादी बाब बिकट झाली की प्रेषित (स.) नमाजकडे वळत असत.

चिंतेला अज्ञानाचे खतपाणी मिळू नये, म्हणून अहवालास वेळ का लागतो हे जाणून घ्यावे. काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात. नंतर तो मेणात बसवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात, त्यांना रंग देतात आणि मग तज्ज्ञ डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी निदान पक्के करण्यासाठी आणखी विशेष चाचण्या कराव्या लागतात. म्हणून उशीर हा वाईट बातमीचा संकेत नव्हे. उशिरावरून किंवा कर्मचाऱ्याच्या आवाजावरून भविष्य ताडणे हा एक प्रकारचा अपशकुनच होय आणि प्रेषितांनी (स.) अपशकुन मानण्यास मनाई केली आहे.

काही कुटुंबे भीतीपोटी अहवाल आणायलाच जात नाहीत. अहवाल न वाचल्याने शरीरातील वास्तव बदलत नाही, उपचाराचे दिवस मात्र वाया जातात. हजरत उमर (रजि.) प्लेगच्या प्रदेशात न शिरता मागे फिरले, तेव्हा अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असे त्यांनी समजावले. उपचार हीदेखील तकदीरच आहे.

म्हणून अहवाल कधी मिळेल, तो कोण आणणार, डॉक्टरांना काय विचारायचे, हे ठरवून लिहून ठेवावे आणि उरलेला दिवस नित्याच्या कामांना द्यावा. झोप पार उडाली असेल, जीव गुदमरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. औषधोपचार करण्याची प्रेषितांची (स.) शिकवण मनाच्या दुखण्यालाही लागू पडते. नातेवाइकांनी इतरांच्या आजाराच्या कहाण्या ऐकवू नयेत. “सब्र करा” एवढे सांगून उठू नये, थोडा वेळ जवळ बसावे, घरातले एखादे काम अंगावर घ्यावे. रुग्णापासून अहवाल लपवून त्याला एकटे पाडू नये.

अहवाल चांगला यावा, अशी दुआ निःसंकोच मागावी. हजरत अब्बास (रजि.) यांनी अल्लाहकडे काय मागावे असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आफियत, म्हणजे क्षेमकुशल, मागण्यास सांगितले. काही दिवसांनी पुन्हा विचारले, तेव्हाही तेच सांगितले.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे ध्यानात ठेवावी. हजरत मूसा (अ.) यांच्या मातेला बाळ परत मिळण्याचे वचन होते. आपल्याला निर्दोष अहवालाचे वचन दिलेले नाही. आपल्याला जे वचन आहे ते असे की, अल्लाह संयम राखणाऱ्यांच्या सोबत आहे आणि तो कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही. हे वचन अहवालाच्या आदल्या रात्री जितके खरे आहे, तितकेच दुसऱ्या दिवशी लिफाफा उघडल्यावरही खरे राहील. त्या लिफाफ्यात काहीही असो, त्या दिवशीची असरची नमाज वेळेवर व्हावी आणि डॉक्टरांनी सांगितलेले पुढचे पाऊल त्याच आठवड्यात उचलले जावे. अल्लाह प्रत्येक प्रतीक्षा करणाऱ्या हृदयाला दृढता देवो. आमीन.