समुद्र पाहायला कुठे जावे?

आपला जुन्नर तालुका घाटमाथ्यावरचा. समुद्र इथून लांब. तरी त्याची आपली ओळख जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, कोकणच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. घाटातला मोठा दगडी रांजण पुष्कळांनी पाहिला असेल. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

आता आपणच समुद्र पाहायला जातो. मग कोणता किनारा निवडावा?

एका गावात बायकांच्या बचत गटाने सहल ठरवली. रात्री साक्षरता वर्गात गोष्ट निघाली.

मावशी म्हणाल्या, "गुरुजी, लेण्याद्री झाली, ओझर झालं, पंढरी झाली. आता एकदा समुद्र बघू. सगळ्यांत चांगला किनारा कोणता?"

गुरुजी म्हणाले, "सगळ्यांना चांगला असा एकच किनारा नसतो. बरोबर कोण आहे, कशासाठी जायचे, कधी जायचे, हे आधी ठरवा. मग किनारा ठरवा."

त्यांनी फळ्यावर रायगड जिल्ह्यातली चार नावे लिहिली.

अलिबाग : पुण्याहून एसटी मिळते. समोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते. भरतीला वाट पाण्याखाली जाते.

मुरूड : वाळूचा किनारा मोठा आहे. जवळच जंजिरा किल्ला आहे. तिथे राजपुरीहून होडीने जातात.

दिवेआगर : लांब, सपाट, वाळूचा किनारा. म्हाताऱ्यांना चालायला सोपा. १९९७ साली इथल्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला.

हरिहरेश्वर : देवस्थान. देवळामागे खडकावरून प्रदक्षिणेची वाट आहे. ती फक्त ओहोटीलाच करावी.

"आणि कधी जायचं?" एका सुनेने विचारले.

"दिवाळीनंतर, होळीच्या आत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा पाण्यात उतरू नये."

आबा हसले. म्हणाले, "मला कसली भीती? चाळीस वर्षं विहिरीत पोहतोय."

गुरुजी म्हणाले, "आबा, विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राचे पाणी ओढून नेते. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडून गेले. किनारा देखणा होता. पोरे तरणीताठी होती."

वर्ग गप्प झाला.

मग गुरुजींनी भरतीचा हिशेब शिकवला. "आपल्याला तिथी कळते ना? तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता कोकणात साधारण पूर्ण भरती असते. दिवसात दोन वेळा. त्यात ६ मिळवले की ओहोटीची वेळ येते. आता चतुर्थीचे सांगा."

मावशींनी पाटीवर मांडले. "चाराची पाऊणपट तीन. म्हंजे ३ वाजता भरती. तीन आणि सहा नऊ. ९ वाजता ओहोटी."

"शाबास! हा अंदाज आहे. तिथे गेल्यावर कोळी बांधवांना विचारून खात्री करा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती फार मोठी असते. तिला उधाण म्हणतात."

बायकांनी संकष्टी चतुर्थी धरली. सकाळी हरिहरेश्वर, दुपारनंतर दिवेआगर.

ठरल्याप्रमाणे सगळे आठ वाजता खडकावर उतरले आणि साडेनवाला वर आले. आबा मात्र देवळात रेंगाळले होते. अकरा वाजता म्हणाले, "माझी प्रदक्षिणा राहिली. पटकन जाऊन येतो."

वाटेच्या तोंडाशी पाटी होती. मावशींनी एकेक अक्षर लावून ती मोठ्याने वाचली. "भरतीच्या वेळी खाली उतरू नये."

"ऐकलंत का, आबा? ओहोटी नवाला होऊन गेली. पाणी आता चढतंय."

आबा कुरकुरले, पण थांबले. सगळ्यांचे फराळपाणी झाले. मग त्यांनी खाली पाहिले. जिथून सकाळी गेले होते, तिथे लाटा आपटत होत्या.

आबा हळूच म्हणाले, "मावशी, मलाही वर्गात घ्या."

ध्यानात ठेवा

१. अनोळखी किनाऱ्यावर आधी गावकऱ्यांना विचारा, पाटी वाचा.
२. पोहता येत असले तरी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. मुलांचा हात सोडू नका.
३. पाण्याने आत ओढले तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम जातो. किनाऱ्याला धरून आडवे पोहा. ओढ संपली की बाहेर या.
४. कोणी बुडत असेल तर मागे उडी घेऊ नका. दोर, फळी किंवा रिकामा बंद डबा फेका, आणि ओरडून माणसे बोलवा.

प्रश्न

१. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा केव्हा करावी?
२. विहीर आणि समुद्र यांच्या पाण्यात फरक काय?
३. षष्ठीला भरती किती वाजता येईल? ओहोटी किती वाजता?
४. तुमच्या घरच्यांसाठी चारांपैकी कोणता किनारा निवडाल? का? दोन ओळी लिहा.