घटक ६ : कलावंत आणि प्रसिद्धी-सल्लागार

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रसिद्धिपत्रकाची रचना अभ्यासली. ते पत्रक लिहिणारी व्यक्ती आणि ज्याच्यासाठी ते लिहिले जाते तो कलावंत, या दोघांमधील व्यवहार कसा असतो, हे आता पाहावयाचे आहे. आपल्यापैकी काहीजण गात किंवा वाजवत असतील. काहीजण अशा लेखनाकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहत असतील. दोघांच्याही दृष्टीने एक प्रश्न महत्त्वाचा आहे : या व्यवहारात मोबदला नेमका कशाचा दिला जातो?

६.२ मोबदला कशाचा?

एक उदाहरण कल्पू या. मिरजेतील एक तरुण गायिका शिकवण्या करून साठवलेल्या पैशातून ख्यालगायनाचे पहिले ध्वनिमुद्रण प्रकाशित करते. त्याच्या प्रसिद्धीसाठी ती पुण्यातील एका सल्लागाराची तीन महिन्यांसाठी नेमणूक करते. पहिल्याच आठवड्यात वृत्तपत्रांत आपले छायाचित्र झळकेल, अशी तिची अपेक्षा असते. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे डोळ्यांना दिसेल असे काहीच घडत नाही. सल्लागार तिच्याकडे परिचय मागतो, छापण्याजोगी छायाचित्रे मागतो, ध्वनिमुद्रण ऐकतो, कोणत्या पुरवणीत संगीतविषयक मजकूर कोण पाहतो याची यादी करतो, पत्रक लिहितो, पाठवतो आणि मग दूरध्वनी करीत राहतो. यांपैकी बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नाही.

गायिकेला वाटते, आपले पैसे बुडाले. हा गैरसमज या व्यवसायात फार आढळतो. सल्लागाराला दिलेला मोबदला हा त्याच्या श्रमांचा, ओळखींचा आणि लेखनकौशल्याचा असतो. छापून येणाऱ्या मजकुराचा नसतो. काय छापायचे याचा निर्णय संपादकाचा असतो आणि तो विकत घेता येत नाही, म्हणूनच वाचक त्या मजकुरावर विश्वास ठेवतो. पैसे देऊन मिळवलेली जागा म्हणजे जाहिरात. जाहिरात देण्यात गैर काही नाही. मात्र ती बातमीच्या वेषात येऊ नये. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या प्रश्नाची भारतीय वृत्तपत्र परिषदेने 2010 मध्ये निवडणुकांच्या संदर्भात दखल घेतली. समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींनी मोबदला घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणूनच दर्शवावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये जाहीर केली. तेव्हा ‘अमुक दैनिकात छापून आणतोच’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर तो जाहिरातीची जागा विकतो आहे की नुसताच शब्द, हे आधी विचारून घ्यावे.

६.३ सांगण्याजोगे काय आहे?

सल्लागार बातमी निर्माण करीत नाही. कलावंताजवळ असलेली बातमी तो ओळखतो. ‘नवा अल्बम प्रकाशित झाला’ ही गायिकेच्या घरची मोठी घटना असली, तरी संपादकाच्या मेजावर अशी पत्रके रोज येतात. परंतु तिचे घराणे तानपुरे घडविणाऱ्यांचे असेल, जवारी लावताना वडिलांच्या शेजारी बसून तिने सूर ओळखायला शिकले असेल, तर तेथे सांगण्याजोगे काही आहे. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव आहे, हे वाचकाला ठाऊक असते. त्या गावातली ही मुलगी कोण, हे त्याला वाचावेसे वाटते. हा तपशील तिने स्वतःहून सांगितला नाही, तर सल्लागाराला तो कळणार कसा? म्हणून सल्लागाराने पहिल्या भेटीत बरेच प्रश्न विचारले, तर कंटाळू नये. एकही प्रश्न न विचारता पत्रक तयार करून देणाऱ्याविषयी मात्र शंका घ्यावी. अशा पत्रकात हमखास ‘सुप्रसिद्ध’ हे विशेषण असते. गायिका सुप्रसिद्ध असती, तर पत्रकाची गरज कशाला पडली असती?

६.४ एक ऐतिहासिक उदाहरण

सल्लागाराच्या हातात किती असते आणि किती नसते, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील बीटल्स या वाद्यवृंदाकडे पाहू. टोनी बॅरो हे त्यांचे प्रसिद्धी-अधिकारी होते. त्यापूर्वी ते ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरील मजकूर लिहीत आणि लिव्हरपूलच्या एका वृत्तपत्रात सदर चालवीत. ‘फॅब फोर’ हे बिरुद त्यांच्याच लेखणीतून उतरले आणि कायमचे रूढ झाले.

परंतु याच बॅरो यांनी 1966 मध्ये चौघा कलावंतांच्या लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखती एका अमेरिकन मासिकाला देऊ केल्या. त्यांत जॉन लेनन यांनी ख्रिस्ती धर्माच्या ओसरत्या प्रभावाविषयी केलेले विधान होते. इंग्लंडमध्ये त्यावर फारसे कोणी बोलले नव्हते. अमेरिकेत ते विधान ठळकपणे छापले गेले, काही रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली, ध्वनिमुद्रिका जाळल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागो येथे लेनन यांना पत्रकारांपुढे खुलासा करावा लागला. मजकूर एकदा हातातून सुटला, की तो कोठे आणि कोणत्या मथळ्याखाली छापला जाईल, यावर अनुभवी सल्लागाराचेही नियंत्रण उरत नाही. आपल्या गायिकेनेही पत्रकातील प्रत्येक वाक्य पाठवण्यापूर्वी स्वतः वाचण्याचा आग्रह धरावा, तो यासाठी.

६.५ करारात काय असावे?

कालावधी, मोबदला, छायाचित्रणाचा व प्रवासाचा खर्च कोणाचा, पत्रकाला अंतिम मान्यता कोणाची आणि कोणाकोणाशी संपर्क साधला याचा लेखी अहवाल किती दिवसांनी मिळणार, एवढे तरी कागदावर असावे. मैफिली मिळवणे आणि तिकिटे खपवणे ही कामे सल्लागाराची नव्हेत. ती हवी असल्यास वेगळी ठरवावीत. नेमणुकीच्या वेळेचाही विचार करावा. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच ठरू लागतो. दिवाळी पंधरा दिवसांवर आल्यावर सल्लागाराकडे जाऊन उपयोग होत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील एखाद्या भजनी मंडळाच्या किंवा वादकाच्या घरी जाऊन तासभर बोला. सांगण्याजोगे तीन तपशील निवडा आणि ते का निवडले, ते लिहा.
२. त्यांतील एका तपशिलाच्या आधारे दीडशे शब्दांचे प्रसिद्धिपत्रक तयार करा. एकही गौरवपर विशेषण वापरू नका. पत्रक त्या कलावंताला वाचून दाखवा आणि त्याने सुचवलेले बदल समासात नोंदवा.