रूममेटला माहीत आहे, ते फॉर्मात लिही

चि. छोटू यास,


काल वहिनींचा फोन आला. तुला मेरीलँडमधल्या डिफेन्स कंपनीची ऑफर आली, हा आनंद एका वाक्यात उरकला आणि मग अर्धा तास एकच धोशा: "कॉलेजात गांजा ओढला, हे त्या फॉर्मात कशाला लिहायचं? कोण बघायला आलंय?" आईची माया मला कळते, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. घरातलं चार लोकांत काढू नये हा आपला शिरस्ता लग्न जमवताना खपतो. सिक्युरिटी क्लिअरन्समध्ये तोच अंगाशी येतो. मी स्वतः हा फॉर्म भरलेला आहे, म्हणून सांगते.

त्या फॉर्मचा, म्हणजे एसएफ-८६ चा, २३ वा विभाग उघड. गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतलास का, असा सरळ प्रश्न आहे. तुझं उत्तर 'हो'. न्यू जर्सीतल्या दुकानातून गांजा पावती घेऊन विकत घेतला असलास तरी 'हो'च, कारण राज्याने मोकळीक दिली असली तरी हा तपास केंद्राच्या कायद्याने चालतो. परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटला डॉक्टरने लिहून दिलेली ॲडरॉलची गोळी घेतली असशील, तर तीही याच विभागात येते. पुष्कळ मुलांच्या ते ध्यानातच येत नाही. गोळी म्हणजे औषध, असं वाटतं. 'हो' म्हटलंस की पुढचे रकाने उघडतात: पहिल्यांदा कधी, शेवटचं कधी, किती वेळा, पुढे घ्यायचा विचार आहे का. महिना नक्की आठवत नसेल तर शेजारी 'अंदाजे'ची चौकट आहे, तिथे खूण कर. पण वीसेक वेळा झालं असेल तर 'एक-दोनदा' लिहू नकोस. तपास अधिकारी तुझ्या रूममेटलाही गाठू शकतो, आणि तो तुझ्यासाठी खोटं बोलेल ही अपेक्षा धरणंच चूक. न विचारलेलं पाल्हाळही नको. सात वर्षांचं विचारलंय, सात वर्षांचंच सांग.

खरं लिहिलं तर खटला भरतील, ही वहिनींची दुसरी भीती. त्याच विभागात छापलंय, की तिथली खरी उत्तरं फौजदारी खटल्यात तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत. खोट्या उत्तराला हे संरक्षण नाही. जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या २०१७ च्या नियमावलीत अमली पदार्थांचा निकष वेगळा आहे आणि वर्तनाचा वेगळा. पहिल्यात सुटायला जागा आहे: किती जुनं, किती वेळा, ती संगत सुटली का, पुन्हा घेणार नाही असं लेखी देशील का. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनीही कळवलं, की पूर्वी गांजा घेतला एवढ्यावरूनच निकाल ठरू नये. लपवाछपवी मात्र दुसऱ्या निकषाखाली जाते. तिथे 'पोरवयात झालं' म्हणून कसं चालेल? खोटं तर तू आज, नोकरी मागताना लिहिलेलं असेल.

मागच्या उन्हाळ्यात इंटर्नशिपच्या फॉर्मात 'नाही' लिहिलं असशील, तर अधिकाऱ्याने ते समोर ठेवण्याआधी आपणहून सांग. लगेच आणि आपणहून केलेली दुरुस्ती नियमावलीत तुझ्या बाजूने धरतात. पकडल्यावरच्या कबुलीला ती किंमत नाही.

आणि गांजा आजपासून बंद. सध्या घेत असणाऱ्याला क्लिअरन्स देताच येत नाही, असा कायदाच आहे. ऑफर साजरी करायला मित्र जमतील, तेव्हा हे ध्यानात ठेव.

पुण्याच्या मामाशी दर आठवड्याला बोलतोस, ते परदेशातल्या संबंधांच्या वेगळ्या विभागात येईल. त्याबद्दल फोनवर बोलू. वहिनींची समजूत मी घालते. पाठवण्याआधी अख्ख्या फॉर्मची प्रत काढून ठेव. पुढे पुन्हा भरावा लागला, तर जुनी आणि नवी उत्तरं ताडून बघतात.

तुझी,
आत्या